सगळ्यांचं कोठार, राखण कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, ‘गाव करी ते राव न करी’. तिच्या जोडीला दुसरीही एक म्हण आहे, ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’. पहिली म्हण सांगते की सगळ्यांनी हात लावला तर राजालाही न जमणारं काम होतं. दुसरी सांगते की जे सगळ्यांचं असतं त्याला वाली नसतो. दोन्ही म्हणी अनुभवातून आलेल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. आजचा माझा विषय या दोन म्हणींच्या मधोमध उभा आहे.

विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका, फार तांत्रिक बोलणार नाही. जगभरातली माहिती ज्या यंत्रांवर साठवली जाते ती टिकते कशी, ती टिकवणाऱ्या आज्ञावल्यांपैकी कितीतरी आज्ञावल्या मोफत आणि खुल्या कशा मिळतात, आणि त्यांची रोजची देखभाल करतं कोण, एवढंच मला सांगायचं आहे. मी पुण्यात साठवणुकीच्या संगणकांवर काम करतो. अशाच एका मुक्त आज्ञावलीच्या देखभालीत गेली काही वर्षं माझा खारीचा वाटा आहे. माझं मूळ गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याला. आमच्याकडची खार म्हणजे शेकरू, त्यामुळे वाटा थोडा मोठा धरायला हरकत नाही! गमतीचा भाग सोडा, पण उदाहरणं मला तिकडचीच सुचतात आणि आज तीच देणार आहे.

सुरुवात शेजारच्या जुन्नर तालुक्यापासून करू. नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांच्या पलीकडे तारेच्या जाळीच्या अवाढव्य थाळ्या दिसू लागतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली उभी राहिलेली. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३० थाळ्या. त्यांतल्या १४ मध्यभागी एकत्र आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फांद्यांवर दूरवर पसरलेल्या आहेत. या तीस थाळ्या एकत्र पाहतात तेव्हा सुमारे २५ किलोमीटर पसरलेल्या एकाच दुर्बिणीसारखं काम होतं. अनेकांनी मिळून एक होणं म्हणजे काय, ते खोडदला डोळ्यांनी पाहता येतं.

पण मला सांगायची आहे ती या दुर्बिणीनं जमवलेल्या माहितीची गोष्ट. जीएमआरटीवर जगातले शास्त्रज्ञ निरीक्षणासाठी वेळ मागतात. ज्यानं निरीक्षण केलं त्याला ती माहिती ठरावीक काळ वापरायला मिळते, आणि तो काळ संपला की ती इतर शास्त्रज्ञांनाही मिळू शकते. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीनं कमी वारंवारतेच्या रेडिओलहरींमध्ये जवळजवळ सगळं दिसू शकणारं आकाश टिपलं. निरीक्षणाचे तास भरले सुमारे दोन हजार. पुढे हुईब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच जुनी, साठवून ठेवलेली माहिती पुन्हा बाहेर काढली, नव्या पद्धतीनं तिच्यावर संस्कार केले, आणि २०१७ साली सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी जगापुढे ठेवली. दुर्बीण तीच, माहिती तीच. पण ती जपून ठेवलेली होती म्हणून पाच वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून तिला हे फळ आलं. समजा, मधल्या काळात ती खराब झाली असती तर? आकाशातला तो क्षण पुन्हा टिपता येत नाही.

आता प्रश्न असा की माहिती खराब होते कशी? आपल्याला वाटतं, एकदा संगणकात ठेवलं की ते कायमचं राहिलं. तसं नसतं. माहिती ज्या तबकडीवर असते ती झिजते, बिघडते. समजा, वर्षभरात शंभरांतली एखादीच तबकडी बंद पडते. घरी एक संगणक असेल तर तुम्हाला हे जाणवणारही नाही. पण एखाद्या संस्थेकडे हजार तबकड्या असतील तर वर्षाला दहा बंद पडणार, म्हणजे महिन्या-सव्वा महिन्याला एक. तिथे बिघाड ही नेहमीचीच गोष्ट होऊन बसते. त्यामुळे बिघाड होणारच हे गृहीत धरूनच साठवणूक उभी करावी लागते.

यासाठी जी व्यवस्था असते तिला वितरित फाईल प्रणाली म्हणतात. फाईल प्रणाली म्हणजे संगणकाचा कोठावळा. काय कुठे ठेवलंय हे त्याला ठाऊक असतं. वितरित म्हणजे माल एका कोठारात न ठेवता पन्नास घरांत वाटून ठेवायचा, पण मागणाऱ्याला मात्र एकच कोठार असल्यासारखं वाटलं पाहिजे. गूगलनं आपल्या अशा व्यवस्थेची मांडणी २००३ साली प्रसिद्ध केली, पण आज्ञावली स्वतःकडेच ठेवली. त्याच सुमारास आणि नंतर लस्टर, हडूप, सेफ अशा खुल्या प्रणाली आल्या. त्यांच्यातच एक ग्लस्टर. तिची सुरुवात केली आनंद बाबू पेरियासामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि तिचं बरंचसं काम आपल्या शेजारच्या राज्यात, बंगळुरूत झालं. माझा संबंध आला तो या प्रणालीशी.

ग्लस्टरची एक युक्ती मला फार आवडते. बहुतेक कोठारांत एक नोंदवही असते आणि ती सांभाळणारा एक कारकून असतो. पूर्वी तलाठी रजेवर गेला की उतारा मिळत नसे, तशी कारकून आजारी पडला की सगळ्यांची पंचाईत. ग्लस्टरनं ही वहीच काढून टाकली. फाईलच्या नावावर एक ठरावीक गणित करायचं, जो आकडा येईल तो कोणाच्या वाटणीत पडतो ते पाहायचं आणि थेट त्या यंत्राकडे जायचं. कोणाला विचारायला नको. अर्थात यालाही किंमत आहे. भावकीत नवा वाटेकरी आला की सगळ्यांचे बांध सरकतात, तसं नवं यंत्र जोडलं की वाटण्या बदलतात आणि कितीतरी फाईली इकडून तिकडे हलवाव्या लागतात.

नुसतं वाटून ठेवून भागत नाही. ज्या घरात माल ठेवला तेच घर बंद झालं तर? म्हणून प्रत्येक फाईलच्या दोन किंवा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. आणि इथून खरी कटकट सुरू होते, कारण प्रती अनेक झाल्या की त्यांच्यात भांडण होऊ शकतं. समजा, दोन यंत्रांमधली तार तुटली. दोघंही आपापल्या जागी चालू आहेत आणि दोघांकडेही लोक एकाच फाईलमध्ये लिहिताहेत. तार जोडली गेल्यावर दोन प्रती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. खरी कुठली? संगणकाच्या भाषेत याला ‘मेंदू दुभंगला’ असं म्हणतात. यावरचा उपाय आपल्या म्हणीतच आहे, ‘पाचामुखी परमेश्वर’. तीन प्रती ठेवायच्या आणि दोघांचं एकमत असेल तरच लिहू द्यायचं. जो एकटा पडला असेल त्यानं गप्प बसायचं. तिसरी पूर्ण प्रत ठेवणं परवडत नसेल तर एक पंच नेमायचा. त्याच्याकडे माल नसतो, फक्त कोणी कधी काय बदललं याच्या खुणा असतात. भांडण झालं तर कोणाची बाजू ताजी आहे, हे तो सांगू शकतो.

आणि जे यंत्र मधल्या काळात बंद होतं, ते परत आलं की? आमच्याकडची माणसं मुंबईला कामाला जातात आणि सुगीला परत येतात. आल्यावर कोणी ना कोणी त्यांना सांगतं, की अमक्याचं लग्न झालं, तमक्याची म्हैस विकली. परत आलेल्या यंत्रालाही असंच सगळं सांगावं लागतं. मागे काय बदललं, कोणत्या फाईली नव्या झाल्या. हे काम प्रणाली आपण होऊन करते. पण हे सांगणं चालू असतानाच जर दुसरं यंत्र बंद पडलं, तर काय करायचं? अशा ‘जर-तर’चा विचार करण्यातच आमचं निम्मं आयुष्य जातं.

आणखी एक बिघाड असतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्याची. यंत्र चालू असतं, प्रत जागेवर असते, पण तिच्यातलं एखादं अक्षर हळूच बदललेलं असतं. कोणाला पत्ता नसतो. आपली आजी वर्षाचं धान्य भरून ठेवायची, पण भरून विसरायची नाही. मधूनमधून ते अंगणात काढायची, ऊन दाखवायची, सोंडे लागलेत का ते पाहायची. चांगल्या फाईल प्रणालीतही हेच करतात. प्रत्येक फाईलची एक आकडी खूण काढून ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी ती पुन्हा काढून ताडून पाहतात. खूण जुळली नाही तर ती प्रत बाद करायची आणि चांगल्या प्रतीवरून नवी करायची. ठेवलेलं धान्य आपोआप टिकत नाही, तशी माहितीही टिकत नाही. दोन्हीकडे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

आता थोडं जड बोलतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आमच्या तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी.च्या चालकाला जागेवर गाव दिसेना आणि त्याच्यामुळे ही बातमी बाहेर पोचली. माणसांच्या जाण्यापुढे कागदपत्रांची गोष्ट फार लहान आहे, याची मला जाणीव आहे. तरी सांगतो, कारण जे मागे राहतात त्यांना कागद लागतो. जमिनीचा, जन्माचा, शाळेचा. एकाच घरातल्या दोन पेट्यांत ठेवलेल्या दोन प्रती या खऱ्या अर्थानं दोन प्रती नसतात. डोंगर आला तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून महत्त्वाची माहिती दुसऱ्या गावी, दुसऱ्या शहरात ठेवावी लागते आणि तिथली प्रत ताजी ठेवावी लागते. घरच्यांनीही एवढं करावं. सातबारा, दाखले, लग्नाचे फोटो यांची एक प्रत घरात, एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहायची. दिवाळीला साफसफाई करतो तेव्हाच हे करून टाकावं.

एवढं सगळं करणाऱ्या या आज्ञावल्या खुल्या आहेत, म्हणजे कोणीही त्या मोफत घ्याव्यात, उघडून पाहाव्यात, बदलाव्यात. वापरणाऱ्यांमध्ये विद्यापीठं असतात, रुग्णालयं असतात, मोठ्या कंपन्या असतात. पण मोफत म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. खर्च होतोच, तो फक्त वापरणाऱ्याच्या डोळ्यांआड होतो.

हा खर्च कसला, ते सांगतो. देखभाल करणाऱ्याचा दिवस नवं काही लिहिण्यात फारसा जात नाही. सकाळी तक्रारी वाचायच्या. कोणीतरी दूरच्या देशातून लिहितो, की माझी फाईल उघडत नाही. तो अर्धीच माहिती देतो, मग उरलेली विचारून घ्यायची. मग दुसऱ्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासायच्या. त्यांतल्या बऱ्याच चांगल्या असतात, पण चांगल्या दुरुस्तीलाही कधीकधी ‘नाही’ म्हणावं लागतं, कारण ती एकाची सोय करते आणि दुसऱ्या शंभरांची गैरसोय. शिवाय दहा वर्षांपूर्वी ज्यानं माहिती ठेवली त्याला आजही ती वाचता आली पाहिजे, हे वचन पाळायचं. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीत चूक झाली तर ती बंद पडते, पुन्हा सुरू केली की झालं. इथली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली तरी गेलेली फाईल परत येत नाही.

एक खरं उदाहरण देतो. फाईलींचं एकत्र गाठोडं बांधणारी एक जुनी, साधी आज्ञावली आहे, तिचं नाव टार. ग्लस्टरवर ती चालवली की मधूनच तक्रार करायची, ‘मी वाचत असतानाच फाईल बदलली’. प्रत्यक्षात फाईलला कोणी हातही लावलेला नसायचा. झालं होतं असं, की एकाच फाईलच्या दोन प्रती दोन यंत्रांवर, आणि शेवटच्या बदलाची वेळ प्रत्येक यंत्र आपल्या घड्याळानं लिहायचं. दोन वेळांत सेकंदाच्या किंचित भागाचा फरक. टारनं पहिल्यांदा एकाला वेळ विचारली, दुसऱ्यांदा दुसऱ्याला. उत्तरं वेगळी, म्हणून तिला संशय. कारण सांगायला दोन वाक्यं पुरली, पण उपाय करायला प्रणालीत वेळ नोंदवण्याची पद्धतच बदलावी लागली. ज्यांच्या गाठोड्यांची तक्रार थांबली, त्यांना मागे किती लोकांनी किती महिने घातले, ते कधीच कळणार नाही. कळण्याची गरजही नाही. पण ते लोक असायला मात्र हवेत.

आणि नेमका हाच आज प्रश्न आहे. ग्लस्टरची कंपनी २०११ साली रेड हॅट या अमेरिकी कंपनीनं सुमारे साडेतेरा कोटी डॉलरना विकत घेतली. त्यानंतरची काही वर्षं भरभराटीची होती. पगारी अभियंते होते, चाचण्यांची यंत्रं होती. पुढे कंपनीचा कल सेफ या दुसऱ्या प्रणालीकडे झुकला, आणि ग्लस्टरवर आधारलेल्या तिच्या उत्पादनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. धंद्याचं गणित बदलतं. परवाना खुला असल्यामुळे आज्ञावली कोणी काढून घेऊ शकत नाही, ती जागच्या जागी आहे. पूर्वी तिच्यावर काम केलेल्या काहींनी ‘कडलु’ नावाचा वेगळा प्रकल्पही उभा केला. कडलु म्हणजे कानडीत समुद्र. पण राबणारे हात कमी झाले, हे खरं. आज्ञावलीची ओळ न् ओळ शाबूत असते, पण ती ओळ तशी का लिहिली हे ज्याला ठाऊक होतं तो दुसऱ्या कामाला लागलेला असतो. वाडा उभा असावा आणि त्याच्या मोऱ्या कुठून कुठे जातात हे सांगणारं कोणी नसावं, तशी अवस्था.

राखणदार एकटा पडला की काय होतं, हे जगानं २०२४ च्या मार्च महिन्यात पाहिलं. एक्सझेड नावाची माहिती आकसून ठेवणारी एक छोटी खुली आज्ञावली आहे, असंख्य संगणकांवर असलेली. तिची देखभाल एकच माणूस आपल्या फावल्या वेळात करत होता आणि थकला होता. ‘जिया टॅन’ असं नाव लावणाऱ्या कोणीतरी मदतीच्या मिषानं दोनेक वर्षं त्याचा विश्वास मिळवला आणि शेवटी तिच्यात एक चोरदार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, तो त्याच्या मागे लागला आणि चोरी उघडकीला आली. अर्ध्या सेकंदानं जग वाचलं. दर वेळी असं होईलच असं नाही.

मग उपाय काय? मला तो भीमाशंकरच्या परिसरातल्या देवरायांत दिसतो. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं रान तुटलं तरी देवराई टिकली, कारण तिला नियम होते. काय न्यायचं, काय नाही, कोणी विचारायचं आणि कोणी सांगायचं. देवाचं नाव होतं, पण नजर गावाची होती. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनं जगभरातली सामायिक कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा तपासून हेच दाखवलं, की जिथे वापरणारे स्वतः नियम करतात आणि स्वतः लक्ष ठेवतात, तिथे सामायिक मालमत्ता टिकू शकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बारभाईंची शेती बुडतेच असं नाही. बारा भावांनी पाळ्या लावून घेतल्या तर ती पिकते.

खुल्या आज्ञावल्यांबाबतही आता हळूहळू पाळ्या लागू लागल्या आहेत. जर्मनीच्या सरकारनं २०२२ साली यासाठी निधी उभा केला. आपल्याकडे झिरोधा या कंपनीनं २०२४ साली अशा प्रकल्पांना दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. पण सगळा भार पैशावर टाकून चालणार नाही. ज्या कंपनीचा सगळा कारभार मोफत मिळालेल्या प्रणालीवर चालतो, तिनं आपल्या एका अभियंत्याचा आठवड्यातला एक दिवस तिच्या देखभालीला द्यावा. ज्या संस्थेनं साठवणुकीसाठी यंत्रं घेतली, तिनं पुढच्या दहा वर्षांच्या सांभाळाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी.

आणि मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगेन, की या कामाला परदेशी जावं लागत नाही आणि कोणाची ओळखही लागत नाही. एखादी खुली आज्ञावली घ्या, वापरा. ती जिथे अडेल तिथे नीट, पूर्ण तक्रार लिहा. माहितीपुस्तिकेत जे चुकीचं किंवा अपुरं असेल ते दुरुस्त करून पाठवा. पहिले काही महिने एवढंच करा. त्यातूनच आतली वाट कळत जाते. नवं काही उभारणाऱ्याचं नाव होतं, सांभाळणाऱ्याचं बहुधा होत नाही. पण खोडदच्या दुर्बिणीनं टिपलेलं आकाश असो की तुमच्या घरातला सातबारा, पन्नास वर्षांनी तो कोणाच्या हाती पडेल की नाही, हे सांभाळणाऱ्यावरच अवलंबून आहे.